उत्कृष्ट, चांगला, बरा

इथल्या एका शाळेनं मला घोषवाक्य स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता मुलांमधला लठ्ठपणा. बेल्लमपल्लीसारख्या कोळसा खाणीच्या गावात हा विषय ऐकून आधी मला नवलच वाटलं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेल्या पोरांचे हातपाय काडीसारखे असायचे. तेव्हा जिल्हा आदिलाबाद होता. २०१६ मध्ये मंचेरियाल वेगळा झाला, तरी जुन्या लोकांच्या तोंडी अजून आदिलाबादच आहे. त्याच गावात आता मुलांचं वजन कमी कसं करायचं यावर घोषणा लिहायच्या होत्या. म्हटलं, काळ बदलला.

भाषणं झाली, तक्ते लागले, बक्षिसं झाली. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मंचावरच मुलांची वजनं करू, म्हणजे पालकांना जाग येईल. काटा आणला. एकेक मूल चढत होतं आणि आकडा माइकवरून वाचला जात होता. माझ्या जावेची नात अकरा वर्षांची, अंगानं भरलेली. तिचा आकडा वाचला तेव्हा मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. ती काट्यावरून उतरली आणि ओढणी पोटावर धरून जागेवर जाऊन बसली. मी मंचावर होते. माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. मी काही बोलले नाही.

निघताना प्रत्येक पाहुण्याच्या हातात अभिप्रायाचा कागद दिला. कार्यक्रम कसा वाटला? उत्कृष्ट, चांगला, बरा. वक्ते, ध्वनिव्यवस्था, अल्पोपाहार, वेळेचं नियोजन, सगळ्यांसमोर तीन-तीन चौकटी. चहासोबत समोसा होता, आम्हा दोघी-तिघींसाठी आठवणीनं बटाट्याविना वेगळा तळलेला. मी सगळीकडे ‘उत्कृष्ट’वर खूण केली आणि घरी आले.

त्या खुणेची मला आज लाज वाटते. म्हणून हा लेख.

त्या कागदावर एक प्रश्न नव्हता: मुलांचं काय झालं? आमच्या त्या मुलीचं काय झालं ते मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यापासून तिचा डबा भरलेला परत यायला लागला. आईला वाटलं, मुलगी शहाणी झाली. मग एक दिवस दप्तराच्या आतल्या कप्प्यात पाच रुपयांच्या वेफर्सची चार रिकामी पाकिटं सापडली. सगळ्यांसमोर पोळी खायची लाज वाटायची, पण भूक काही लाजत नाही. घरात बोलणी कुणी खाल्ली? तिच्या आईनं. ‘तुझंच लक्ष नाही.’ शाळेच्या हिशेबात मात्र कार्यक्रम यशस्वी झाला होता, आणि त्या यशावर माझी सही होती.

पोषणाच्या कुठल्याही कार्यक्रमाचं मोल तीन तऱ्हांनी काढता येतं. लोकांना कसं वाटलं ते विचारा. किती दिलं ते मोजा. किंवा मुलाच्या खाण्यात आणि अंगात काय बदललं ते बघा. पहिली तऱ्हा सोपी, दुसरी सरकारी, तिसरी अवघड. आपण बहुतेक वेळा पहिल्या दोनवरच थांबतो.

तिसरी तऱ्हा वापरून पाहणाऱ्यांना काय दिसलं, तेही सांगते. अमेरिकेत ‘पाथवेज’ नावाचा एक प्रयोग झाला. तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या ४१ शाळा आणि १७०४ मुलं. काही शाळांमध्ये तीन वर्षं शाळेच्या जेवणातलं तूप-तेल कमी केलं, खेळ वाढवले, आहाराचे धडे दिले, घरच्यांनाही बोलावलं. उरलेल्या शाळा नेहमीसारख्या चालू ठेवल्या. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलांना आहाराबद्दल जास्त कळायला लागलं होतं. शाळेच्या ताटातली चरबी खरोखर कमी झाली होती. पण अंगातल्या चरबीचं प्रमाण दोन्हीकडच्या मुलांत सारखंच निघालं. करणाऱ्यांनी हे लपवलं नाही, आहे तसं छापलं. मला त्या कार्यक्रमापेक्षा हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं जगभरच्या अशा १५३ चाचण्या एकत्र तपासल्या. फरक पडतो, पण थोडा, असाच सूर निघाला. त्यातल्या बहुतेक चाचण्याही श्रीमंत देशांतल्या.

याचा अर्थ कार्यक्रम बंद करा असा नाही. शाळा मुलाच्या दिवसातले सहा-सात तास बघते. बाकीचा दिवस घराचा, गल्लीचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचा. धडा शाळेत आणि पाकीट फाटकाबाहेर असेल तर जिंकणार पाकीटच. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्येच नियम केला आहे की शाळेच्या ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. घोषवाक्य स्पर्धेच्या दिवशी आमच्या शाळेच्या फाटकापासून पावलं मोजायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

एक गोष्ट मात्र मला आवडली. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळांना ‘साखरेचा फळा’ लावायला सांगितलं. कुठल्या थंड पेयात, कुठल्या बिस्किटात किती साखर आहे, ते मुलांना दिसेल असं लिहायचं. त्याचा परिणाम किती होतो ते पुढे कळेल. पण बघा, इथे आकडा साखरेचा आहे, मुलाचा नाही. उघडं पडायचं कुणी, तर बाटलीनं. अकरा वर्षांच्या पोरीनं नाही.

आता दुसरी तऱ्हा, किती दिलं त्याची. ती बघायला मी आमच्या गल्लीमागच्या अंगणवाडीत जाऊन बसले. तिथल्या टीचर मला ‘अक्का’ म्हणतात. अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी असं आमचं बोलणं चालतं. तेलंगणाची व्यवस्था कागदावर चांगली आहे आणि बऱ्याच अंशी प्रत्यक्षातही. जानेवारी २०१५ पासून आरोग्यलक्ष्मी योजनेत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना अंगणवाडीतच एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. सोबत २०० मिलिलिटर दूध आणि एक अंडं. सात महिने ते तीन वर्षांच्या मुलाला महिन्याला अडीच किलो बालामृतम आणि १६ अंडी. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला जेवणासोबत रोज एक अंडं.

टीचरनी मला नोंदी दाखवल्या. अंडी किती आली, किती वाटली, बालामृतमची पाकिटं किती. नंतर मोबाईल काढून उंची-वजनाचं पान दाखवलं. नोंदी चोख होत्या. मी विचारलं, ‘घरी नेलेलं बालामृतम कोण खातं?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘अक्का, घरी चार पोरं असतील तर चारही खातात. मोठी पोरं पाण्यात न कालवता कोरडंच खातात, गोड लागतं म्हणून.’ गोड लागणारच, त्यात साखर आहे. पाकीट कुणाच्या पोटात गेलं याला वहीत रकाना नाही. त्यांनाही ते माहीत आहे. त्या म्हणाल्या, ‘वर जेवढं विचारतात, तेवढंच आम्ही भरतो.’ यात त्यांचा काय दोष? विचारणाऱ्यानं प्रश्नच अर्धा विचारला आहे.

२०२५ च्या एप्रिलमधल्या पोषण पंधरवड्यात मुलांचा लठ्ठपणा हाही एक विषय होता. कुपोषणाच्या कामात लठ्ठपणा कुठून आला, असं बऱ्याच जणींना वाटलं असेल. आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झालं. त्याच पाहणीत ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली. म्हणजे भरलेलं मूल आणि खुंटलेलं मूल एकाच गल्लीत राहतात. कधी एकाच घरात राहतात.

आणि कधी एकाच अंगात. हे मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामामुळे कळलं. केईएम रुग्णालयाच्या त्यांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी त्या मानानं राखून ठेवलेली. कमी होतं ते स्नायूचं मांस. दिसायला बारीक, आतून चरबीचं बाळ. पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

आता शाळेतला तो काटा आठवा. त्यानं आमच्या मुलीला दोषी ठरवलं आणि तिच्या शेजारच्या काटकुळ्या मुलाला शाबासकी दिली. त्या मुलाच्या अंगात काय चाललंय, हे काट्याला कळतच नाही. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी झाली. त्यात १० ते १९ वयाच्या मुलांमध्ये जास्त वजनाची साधारण ५ टक्के निघाली. पण रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली निघाली साधारण १० टक्के. म्हणजे जाड मुलं शोधून जेवढी सापडतील, त्यापेक्षा जास्त मुलांना मधुमेहाचा धोका आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, शाळेचं झालं, सरकारचं झालं, आता आपलं काय? खरं तर याच जागेसाठी मी लिहायला बसले.

आपला समाज म्हणजे पोषणाचा एक मोठा, जुना कार्यक्रम आहे. काय खायचं, कधी खायचं, किती खायचं, याचे नियम आपण लहानपणापासून शिकवतो. सूर्यास्तापूर्वी जेवण. बाह्य तपांमध्ये ऊनोदरी, म्हणजे पोटाला तड लागण्याआधी थांबणं. ‘पोट भरलं की थांब’ हे डॉक्टर आज सांगतात, आपल्याकडे ते तप आहे. पण या कार्यक्रमाचं मूल्यमापन आपण कधी केलं? आपला अभिप्रायाचा कागद तर ठरलेलाच आहे. सगळीकडे ‘उत्कृष्ट’.

आमच्या रविवारच्या पाठशाळेचं बघा. मुलं सामायिक म्हणतात, पंचवीस बोल पाठ करतात, आणि शेवटी प्रभावना मिळते. पूर्वी बत्तासे किंवा श्रीफळ असायचं. आता चॉकलेट, क्रीमची बिस्किटं, केळ्याचे तळलेले वेफर्स. पाकिटावर ‘जैन’ लिहिलेलं असलं की आपला जीव भांड्यात पडतो. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की कांदा, लसूण, बटाटा नाही. तेल किती, मीठ किती, साखर किती, याबद्दल तो शब्द मुका आहे. हिरवा ठिपकाही मुका आहे. कंदमूळ नाही म्हणून जे पाकीट आपण निर्धास्तपणे मुलाच्या हातात देतो, ते त्याच्या यकृताला निर्धास्त करत नाही.

रात्रीच्या जेवणाचंही तसंच. चौविहार पाळायचा म्हणून संध्याकाळी साडेपाचला घाईत जेवण, आणि त्याआधी शिकवणीला जाताना दप्तरात पाकीट. मूल जेवतं अर्धं. नियम पाळला गेला, ऊनोदरीही झाली म्हणू या! पोटात मात्र पाकीट गेलं. मग पर्युषणात लहान मुलाच्या उपवासाचं आपण कौतुक करतो आणि पारण्याला त्याच्यासमोर पाच मिठाया मांडतो. यात धर्म चुकला असं मी म्हणत नाही. आपलं लक्ष चुकलं, एवढंच म्हणते.

आणखी एक गोष्ट आहे, ती बायकांनी तरी एकमेकींशी बोलायला हवी. याज्ञिकांच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गरोदर बायांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं जास्त दिसली. देशाच्या पाहणीतही १० ते १९ वयाच्या ३१ टक्के मुलामुलींमध्ये बी-१२ कमी होतं. आपल्या आहारात ते येण्याची वाट म्हणजे दूध, दही, ताक. डाळीत नाही, पालेभाजीत नाही. तरी घरातलं दूध आधी मुलग्याला, मग सासऱ्यांना, आणि सुनेच्या वाट्याला चहापुरतं, अशी घरं मी पाहिली आहेत. सून गरोदर असली की तपासणी करून घ्या, डॉक्टर सांगतील ती गोळी द्या. बी-१२ जिवाणूंच्या संवर्धनातून तयार करतात, ते प्राणिज नसतं. फक्त कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी मागून घ्या. एवढी साधी माहिती आपल्या एकाही महिला मंडळाच्या कार्यक्रमात मी ऐकलेली नाही. मेंदीच्या स्पर्धा मात्र दरवर्षी होतात.

आणि आता अंड्याचं. मी अंडं खात नाही, माझ्या घरात ते येत नाही, येणारही नाही. पण रोज सकाळी आमच्या दुकानावरून अंगणवाडीला जाणारा अंड्यांचा ट्रे मी बघते. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडी द्यायचं सरकारनं नाकारलं. विरोध करणाऱ्यांत आपल्या संघटना होत्या. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्यातून एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा सरकारी पैसा थांबवला. आपल्या अनेक घरांत पेढे वाटावेत असा आनंद झाला.

मला त्या आनंदात एक हिशेब दिसत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. केळ्यात जेमतेम १ ग्रॅम. अंड्याऐवजी केळं म्हणजे बरोबरी नव्हे. २०० मिलिलिटर दूध दिलं किंवा मूठभर शेंगदाणे दिले तर बरोबरी होते. ज्याला अंडं काढून घ्यायचं आहे, त्यानं रोजच्या दुधाची सोय आधी करावी. खाण कामगाराच्या, शेतमजुराच्या, आदिवासीच्या मुलाच्या घरी अंडं निषिद्ध नाही. त्याच्या ताटातलं ते आपल्या श्रद्धेसाठी काढायचं आणि जागा रिकामी ठेवायची, यात हिंसा कुणाची झाली? अहिंसेचा विचार मी सोडलेला नाही. तो विचार उपाशी मुलापाशी येऊन का थांबावा, एवढंच विचारते. आमच्या घरात हे बोलले तेव्हा दिरांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं. तुमच्यातल्या काही जणी हे पान मिटवतील. मिटवा, पण दुधाचा हिशेब करून मग मिटवा.

टीका करून मोकळं होणं सोपं असतं, म्हणून मी काय केलं तेही लिहिते. शाळेच्या मुख्याध्यापिकांना पत्र दिलं की वजन करायचं तर बंद खोलीत करा, आकडा फक्त पालकांना सांगा, आणि फाटकाबाहेरच्या गाड्यांचं अंतर मोजा. त्यांनी पत्र वाचलं, म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी बघू.’ जावेच्या नातीजवळ जाऊन बसले. म्हटलं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, चूक माझी. ती म्हणाली, ‘मोठी आजी, तुम्हाला माझा आकडा आठवतो?’ मी नाही म्हटलं. खोटं बोलले.

पाठशाळेत प्रभावना बदलली. पाकिटांऐवजी फुटाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, कधी शेंगदाण्याची चिक्की, आणि पेलाभर ताक. पहिल्या रविवारी मुलं नेहमीसारखी सोळा आली. दुसऱ्या रविवारी नऊ, तिसऱ्या रविवारी सात. दोन आयांनी तोंडावर सांगितलं, ‘तुमच्या फुटाण्यांपायी पोरं धर्मापासून तुटतील.’ मी घाबरले, चॉकलेट परत आणायला निघालेही होते. मग मोठ्या मुलींनाच विचारलं, काय द्यावं? त्यांनी यादी केली, लाडू स्वतः वळायला लागल्या, ताकात जिरं-पुदिना घालायला लागल्या. सहा महिन्यांनी आकडा बारावर आला आहे. जावेची नात लाडू वळणाऱ्यांत असते. तिचं वजन किती झालं, मी विचारलेलं नाही. ती डबा खाते, एवढं तिच्या आईकडून कळलं.

चार मुलं अजून आलेली नाहीत, आणि घरी गेल्यावर बाकीची पाकीट फोडत नसतील याची मला खात्री नाही. परवा एकीनं विचारलं, तुमचा हा प्रयोग कसा चाललाय? तीन चौकटी डोळ्यांसमोर आल्या. म्हटलं, बरा.